गेल्या ३६५ दिवसांत

नाशिकमधल्या एका पतसंस्थेत मी कर्ज विभागात काम करते. आमच्या अर्जात जामीनदाराच्या सहीच्या वर एक चौकट आहे: 'सर्व खर्च वजा जाता मासिक शिल्लक'. या चौकटीशी आलं की माणसाचं पेन थांबतं. "मॅडम, इथं किती लिहू?" असं विचारतात. किती उरतात ते मला कसं माहीत असणार? पण त्यांना उरलेल्या पैशांबद्दल विचारायचं नसतंच, हप्ता बसायला किती लिहावे लागतील हे विचारायचं असतं. हप्ता चार हजारांचा असेल तर शिल्लक पाच हजार. रिक्षावाला, शिंपी, खासगी शाळेतले सर, सगळ्यांची शिल्लक पाच हजार. एकदा एका भाजीवाल्या मावशींनी मात्र माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "उरले असते तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

मला कुणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत बारा हजार सांगितले असते. नवरा अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे. त्याच्या हातात तेव्हा ४६,००० यायचे, माझ्या १९,०००. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. महिन्याच्या खर्चाचे आकडे मला तोंडपाठ होते, आजही आहेत, कारण दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या बाईला घरचे माहीत नसतील तर लाजच. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता १९,०९२. किराणा साडेआठ हजार, दूध सव्वीसशे, भाजी-फळं छत्तीसशे, गॅस नऊशे, वीज सतराशे, सगळ्यांचे रिचार्ज आणि घरचं इंटरनेट मिळून दीड हजार, दोन गाड्यांचं पेट्रोल बत्तीसशे. मुलांची व्हॅन आणि थोरल्याचा क्लास अठ्ठेचाळीसशे, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं चौदाशे, भांडी-धुण्याच्या ताई अठराशे, बाहेरचं खाणं दोन हजार, सोसायटीचा मेंटेनन्स पंधराशे. बेरीज ५२,५९२. पासष्ट हजारांतून वजा केले की १२,४०८ उरतात. त्यातले पंधराशे मुलीच्या सुकन्या खात्यात जायचे, दोन हजार पिग्मीत, म्हणजे रोज थोडं थोडं भरायच्या ठेवीत. बाकीचे खात्यात.

आता हे खातं कधी फुगलेलं दिसायचं नाही, हा भाग वेगळा. त्याचं उत्तर आमच्याकडे तयार असे: 'या महिन्यात जरा जास्त झालं'. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक महिन्यात जरा जास्तच होत असे.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅबलेट घेतलेला एक मुलगा दारात उभा राहिला. घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात आमचं घर निवडलं गेलं होतं. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय हे सर्वेक्षण करतं. त्या वर्षीचं ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ असं चाललं. त्याच्या आदल्या वर्षीही झालं होतं, पण त्याआधीचे प्रसिद्ध झालेले आकडे थेट २०११-१२ चे. मध्ये २०१७-१८ ला एक झालं, त्याचे निष्कर्ष सरकारनं बाहेर येऊ दिले नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "बाळा, ओटीपी तर मागणार नाहीस ना?" हल्लीच्या दिवसांत रास्तच शंका. त्यानं हसून ओळखपत्र पुढे केलं, माहिती गुप्त राहते हे सांगितलं आणि चहा नको म्हणाला. चहा आम्ही दिलाच.

तो तीन महिन्यांत तीनदा येणार होता. एका भेटीत खाण्यापिण्याचं, एकीत वापरून संपणाऱ्या वस्तू आणि सेवांचं, एकीत कपडे आणि टिकाऊ वस्तूंचं. आमच्याकडे खाण्यापासून सुरुवात झाली.

मला वाटलं होतं, 'किराणा किती?' असं विचारेल, मी साडेआठ हजार म्हणेन, झालं. पण त्याच्याकडे किराणा नावाची गोष्टच नव्हती. तांदूळ वेगळा, पोहे वेगळे, रवा वेगळा, तूरडाळ वेगळी, मूगडाळ वेगळी. शिवाय प्रत्येकाला काळ ठरलेला. धान्य, डाळी, दूध, साखर, मीठ गेल्या तीस दिवसांतलं. तेल, भाजी, फळं, अंडी, मांस-मासे, मसाले, बाहेरचं आणि पाकीटबंद खाणं हे गेल्या सात दिवसांतलं. यामागचा विचार सरळ आहे. महिन्याभरात किती वेळा वडापाव खाल्ला हे कोणाच्या बापाला आठवत नाही, आठवड्याचं आठवतं.

गव्हाशी आम्ही अडलो. आमचा गहू निफाड तालुक्यातून दिराकडून येतो, विकत घेत नाही. मी म्हटलं, शून्य लिहा. तो म्हणाला, "शून्य कसं मॅडम, खाल्ला तर आहे ना?" त्यानं घरच्या धान्याची किंमत धरून तो नोंदवला. सासूबाईंना हे फार आवडलं. गावाकडून येणाऱ्या गव्हाला आणि कांद्याला आमच्या घरात कधी कुणी किंमत लावली नव्हती, आणि तो आणायला गाडीभाडं आपण देतो एवढंच नवरा बोलून दाखवत असे.

सात दिवसांच्या यादीत मात्र नवरा आणि मुलगा पकडले गेले. मिसळ, कारखान्याच्या गेटवरचा चहा-भजी, क्लास सुटल्यावरचं फ्रँकी, बिस्किटं, थंड पेयं. मी 'बाहेरचं दोन हजार' म्हणत होते, त्यात फक्त आम्ही सगळे मिळून हॉटेलात जायचो तेवढंच होतं. बाकीचं प्रत्येकाच्या खिशातून परस्पर जात होतं. नंतर जेव्हा या सर्वेक्षणाचे आकडे आले तेव्हा वाचलं की देशभरात शहरांतल्या खाण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचाच आहे, धान्याचा नाही आणि दुधाचाही नाही. म्हणजे आम्ही एकटे नाही.

डिसेंबरच्या भेटीत मी तयारीत होते. बिलं काढून ठेवली होती. पहिल्याच झटक्यात कर्जाचा हप्ता सांगितला, सगळ्यात मोठा आकडा तोच. तो म्हणाला, हप्ता खर्चात धरत नाहीत. कर्जफेड म्हणजे उपभोग नव्हे. मी स्वतः कर्ज विभागात असून मला हे ऐकायला विचित्र वाटलं. ज्या रकमेनं आमचा महिना ठरतो ती सरकारच्या लेखी खर्चच नाही! मग शिक्षण आलं, आणि इथे त्यानं विचारलं, "गेल्या ३६५ दिवसांत?" फी, पुस्तकं, वह्या, क्लास, सगळं वर्षाचं. दवाखान्यात दाखल झाला असाल तर तेही वर्षाचं. जानेवारीत तो कपडे, चादरी, चप्पल-बूट, फ्रिज, मिक्सर, मोबाइल, दागिने विचारायला आला, तेव्हाही गेले ३६५ दिवस.

आमच्या हिशेबात भोक कुठे आहे ते त्या दोन भेटींत दिसलं. माझ्या तोंडपाठ यादीत एकही गोष्ट अशी नव्हती जी महिन्याला येत नाही. शाळेची फी महिन्याचा खर्च नाही. दिवाळी महिन्याचा खर्च नाही. टायर महिन्याला बदलत नाहीत. म्हणून त्या कुठल्याच महिन्याच्या खर्चात नव्हत्या, आणि प्रत्येक महिन्यात त्यांतली एखादी तरी येऊन 'जरा जास्त' करून जात होती.

तो मुलगा गेला आणि मी त्याचीच पद्धत उचलली. एक जाड वही घेतली, तिचे तीन भाग केले: सात दिवस, तीस दिवस, ३६५ दिवस. पहिले दोन सोपे होते. तिसऱ्याला वेळ लागला, कारण मागच्या एप्रिलपासूनच्या पासबुकच्या नोंदी, यूपीआयचे इतिहास आणि सासूबाईंची स्मरणशक्ती असं सगळं एकत्र करावं लागलं. यांतली सगळ्यात भरवशाची सासूबाईंची निघाली. कोणाच्या लग्नात काय आहेर केला, कोणत्या साडीला किती पडले, हे त्यांना तारखेसकट आठवतं. यूपीआयमध्ये नुसतंच समोरच्याचं नाव आणि रक्कम. 'गणेश ट्रेडर्स १,८५०' म्हणजे काय घेतलं होतं याचा उलगडा अजून झालेला नाही.

वर्षाची यादी अशी झाली. दोन्ही मुलांची फी ५४,०००, पुस्तकं-गणवेश-बूट ११,०००. आरोग्य विमा २४,०००, नवऱ्याचा मुदतीचा विमा साडेअकरा हजार. गाड्यांचे विमे, सर्व्हिसिंग, टायर मिळून नऊ हजार. घरपट्टी-पाणीपट्टी साडेपाच. वर्षभराचे कपडे सोळा हजार, त्यांतले बहुतेक दिवाळीचे. दिवाळीचं बाकीचं, म्हणजे फराळाचं सामान, कंदील, भाऊबीज, ताईंचा बोनस, सोसायटीच्या वॉचमनची पोस्त, सात हजार. लग्नकार्यांचे आहेर आणि त्यासाठीचा प्रवास तेरा हजार. वणीला देवीचं दर्शन आणि मे महिन्यातली कोकणातली एक सहल मिळून चौदा. दात, चष्मे, रक्ताच्या तपासण्या, सासूबाईंचे डोळे, बारा. मिक्सर बिघडला, नळ बदलले, गीझर नवा घेतला, पंधरा. एकूण १,९२,०००.

भागिले बारा, सोळा हजार.

शिल्लक बारा हजार चारशे, आणि तिच्यातून भागवायचा खर्च सोळा हजार. दरमहा छत्तीसशेची तूट. मी बेरीज परत केली. मग नवऱ्याला करायला दिली. त्याचंही तेच आलं. तो म्हणाला, "मग आपण जगतोय कसे?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तराचा एक भाग बोनसमध्ये होता. दिवाळीला त्याचा बत्तीस हजार आणि माझा सोळा हजार, मिळून अठ्ठेचाळीस. तेही बारांत वाटले तर महिन्याला चार हजार. म्हणजे तूट भरून ४०० रुपये उरतात. पासष्ट हजार कमावणाऱ्या घराची खरी मासिक शिल्लक चारशे रुपये. पण सुकन्या खात्यात पंधराशे जातच होते. ते कुठून येत होते?

हे उत्तर मला कोणी सांगायची गरज नव्हती, ते माझ्याच टेबलावरून जात होतं. जूनमध्ये शाळा सुरू होताना पिग्मीचे चोवीस हजार मोडायचे. ते पुरत नसत, म्हणून माझ्या बांगड्या आमच्याच पतसंस्थेत सोनेतारणाला ठेवायच्या. दिवाळीचा बोनस आला की सोडवायच्या. पण बोनस येतो तोच दिवाळीची खरेदी घेऊन, त्यामुळे कर्ज पुरतं फिटत नसे. बारा-तेरा हजार मागे राहत आणि पुढच्या जूनच्या कर्जात मिसळून जात. एकीकडे सुकन्येत आठ टक्के मिळत होते (जानेवारी २०२४ पासून ८.२), दुसरीकडे सोनेतारणाचे बारा टक्के आम्ही देत होतो. पिग्मीला तर बचत म्हणणंच चुकीचं आहे. ती जूनची फी आहे, रोज थोडी थोडी आधी भरलेली. आमच्याकडे पिग्मी भरणाऱ्या बहुतेक बायकांना हे पक्कं ठाऊक असतं. विचारलं की सांगतात, 'ही गणपतीची', 'ही पोराच्या फीची'. नोकरदार लोक मात्र तिला सेव्हिंग म्हणतात.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं पडलं, आणि त्यात तथ्य आहे. तो म्हणाला, पीएफ का धरत नाहीस? त्याचा मूळ पगार तेव्हा पंचवीस हजार होता. बारा टक्क्यांनी तीन हजार त्याचे कापले जातात, कंपनीही तेवढेच घालते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले १,७५० पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला ४,७५० रुपये साठतात, वर व्याज. २०२३-२४ साठी ते ८.२५ टक्के होतं. शिवाय गृहकर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग, तो तर घरातच मुरतो. मिळून महिन्याला दहा हजारांच्या आसपास आपण बाजूला टाकतोच, असं त्याचं गणित.

गणित बरोबर आहे. फरक एवढाच की यातलं जूनमध्ये वापरता येत नाही. मला यावरून एक गोष्ट मात्र पटली: आमच्यासारख्या घरात जे हातात येतं त्यातून काही उरत नाही, जे हातात येतच नाही तेवढंच उरतं. सासूबाईंना सासऱ्यांच्या मागे ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते, दोन हजारांच्या आतली. ती आम्ही कधी घरखर्चात घेतली नाही आणि वहीतही लिहिलेली नाही. त्यांच्या डब्यात किती साठलेत हे कोणाला ठाऊक नाही. घरातली सगळ्यात नियमित बचत बहुधा तीच असावी.

२०२३ च्या त्याच डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि निफाडला भाव कोसळले. दिराचा फोन आला, हातउसने लागत होते. त्याच्याशी बोलताना मी नव्या उत्साहात त्यालाही विचारलं, तुमचं महिन्याचं किती उरतं? तो म्हणाला, "वहिनी, आमचा महिना नसतो. आमचा कांदा असतो आणि द्राक्षं असतात." खरंच आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी पीक निघाल्यावर फिटते, गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं होतं. त्याला वर्षच कळतं. नोकरदाराला महिना कळतो, आणि पगार महिन्याचा म्हणून खर्चही महिन्याचा असेल असं तो धरून चालतो. हातउसने मे महिन्याच्या शेवटी परत आले. म्हणून वर्षाच्या यादीत धरले नाहीत.

बरं, मग केलं काय? युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं बाहेरचं खाणं बंद करा, कुणी म्हणतं ताई काढून टाका आणि भांडी स्वतः घासा. आठ तास नोकरी करून, अठराशे रुपयांसाठी. या दोन्ही गोष्टी मी वहीत लाल पेनानं 'नाही' असं लिहून बंद केल्या.

पहिलं काम केलं ते दुसरं बचत खातं उघडण्याचं. त्याचं कार्ड घेतलं नाही, फोनमधल्या ॲपला जोडलं नाही. पगाराच्या दिवशी बारा हजार तिकडे. बोनस आला की तो अख्खा तिकडे. वर्षाच्या यादीतलं काहीही त्याच खात्यातून. पिग्मी बंद केली, कारण तिचं काम आता हे खातं करणार होतं. पहिले काही महिने पगाराच्या खात्यात चारशे रुपये बघून नवऱ्याच्या पोटात गोळा येत असे. माझ्या नाही, कारण पूर्वीचे बारा हजारही आपले नव्हतेच हे मी लिहून काढलं होतं. लिहिण्याचा उपयोग विचाराल तर एवढाच.

दुसरं काम कर्जाचं, आणि यात खरे पैसे होते. आमचं कर्ज २०१८ चं. तेव्हा दर बँकेच्या एमसीएलआरशी, म्हणजे बँकेनं स्वतःच ठरवलेल्या दराशी, जोडलेले असत. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं, पण जुनं कर्ज आपोआप बदलत नाही. आपण अर्ज करायचा, थोडं शुल्क भरायचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला तेव्हा आमचा दरही चढत होता, पण हप्ता मात्र १९,०९२ वरच, त्यामुळे आम्हाला काही जाणवलं नाही. बँक मुदत वाढवत होती. विवरणपत्र काढून बघितलं तेव्हा २०३८ ला संपायचं कर्ज २०४० च्या पुढे सरकलेलं दिसलं. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारलं पाहिजे अशी सूचना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये काढली. आम्हाला विचारल्याचं आठवत नाही. एखादा संदेश आलाही असेल, दिवसाला वीस येतात.

बँकेत गेल्यावर समोरच्या माणसानं आधी टॉप-अप कर्ज घेता का विचारलं. मग हळूच म्हणाला की नवीन ग्राहकाला दर कमी आहे, जुन्याला बदलून हवा असेल तर फॉर्म भरावा लागेल. भरला. २०२४ च्या मध्यावर कर्ज रेपोला जोडलं गेलं. नशीब म्हणा, फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरायला लागला: जूनपर्यंत एक टक्का, डिसेंबरमध्ये आणखी पाव. जूनच्या कपातीनंतर आम्ही हप्ता कमी करून मागितला, तो साडेसतरा हजारांवर आला. जाणकार सांगतात की दर उतरला तरी हप्ता तोच ठेवा, मुदत घटते, व्याज वाचतं. एकूण व्याजाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. पण बारा टक्क्यांचं सोनेतारण अंगावर असताना साडेसात-आठ टक्क्यांचं गृहकर्ज लवकर फेडण्यात काय शहाणपणा? आधी बांगड्या सुटल्या पाहिजेत. त्या २०२५ च्या दिवाळीत सुटल्या, या वेळी पूर्ण, मागे काही न ठेवता.

काही गोष्टी आपोआप झाल्या. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसायकर माफ झाला, तो माझा आधीच वाचत होता. वर्षाला अडीच हजार. गॅस ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस दोनशेनं आणि पुढच्या मार्चमध्ये शंभरानं उतरला, मग एप्रिल २०२५ मध्ये पन्नासनं चढला. आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, पण तोवर आमचा वयोगट बदलून प्रीमियम वाढला होता, त्यामुळे भरायची रक्कम जवळपास मागच्याइतकीच राहिली. विमा एजंटचं मात्र एक बरं झालं. 'टॅक्स वाचेल' म्हणून तो दर फेब्रुवारीत एक पॉलिसी गळ्यात मारायला यायचा. नव्या करप्रणालीत नवऱ्याला करच लागत नाही आणि तिथे ८०-सी ची वजावटही नाही, हे सांगितल्यापासून तो फक्त वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतो.

२०२४ च्या डिसेंबरअखेर सर्वेक्षणाचे आकडे प्रसिद्ध झाले. आमच्या घरची उत्तरं ज्यात मिसळली होती ते सर्वेक्षण. शहरी भागात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये, ग्रामीण भागात ४,१२२. मी आमचा काढला, त्यांच्या पद्धतीनं, हप्ता वगळून, वर्षाचे खर्च बारांत वाटून. साडेनऊ हजारांच्या आसपास आला. आम्ही देशाच्या शहरी सरासरीच्या बरेच वर आहोत. आपण काटकसरी आहोत अशी जी माझी समजूत होती तिच्याबद्दल घरात त्या रात्री बरीच चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, सरासरीत फुटपाथवरचाही येतो आणि गंगापूर रोडवरचा बंगलेवालाही, त्यात काय बघायचं. पण त्या आकड्यात उत्पन्न नाही, हप्ता नाही, म्हणून उरतं किती हे त्यातून कुणाचंच कळत नाही. सरकारला खर्च कळला. उरलेल्याचं ज्याचं त्यानं बघायचं.

कामावर मी आता अर्जदारांना एक प्रश्न जास्त विचारते: जूनमध्ये पैसे कुठून आणता? उत्तर लगेच येतं, विचार करावा लागत नाही. कुणी भिशी लावलेली असते, कुणी माहेरून आणतं, कुणी दुसऱ्या पतसंस्थेतून. एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, मे महिन्यात देवदर्शनाच्या गाड्या भरपूर असतात, त्र्यंबकच्या फेऱ्या मारून फी काढतो. त्यांची शिल्लक मी पाच हजार लिहिली, पण हप्ता जूनऐवजी ऑगस्टपासून लावून दिला. साहेबांनी विचारलं, का? म्हटलं, जूनचा चुकेल. आजपर्यंत एकही चुकलेला नाही.

आमच्याकडे सध्या दोघांचे पगार थोडे वाढलेत, फीसुद्धा वाढली, किराणा दहा हजारांच्या घरात गेलाय. सगळं बारांत वाटून, बोनस धरून, सोनेतारणाचं व्याज नसताना, महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास उरतं. बोनस धरायचा की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. नवरा म्हणतो दरवर्षी मिळतोच. मी म्हणते, अंबडला मिळतोच म्हणणारे किती कारखाने बंद पडलेले तू स्वतः बघितलेस. बोनस वगळला तर अजून तुटीतच आहोत.

थोरला यंदा नववीत आहे. त्याच्या मित्राच्या वडिलांनी अकरावी-बारावीच्या प्रवेश परीक्षांच्या क्लासचा आकडा सांगितला, दोन वर्षांचा मिळून. मी तो ३६५ दिवसांच्या भागात पेन्सिलीनं लिहिलाय आणि शेजारी चोवीसनं भागलंय. एवढे महिन्याला आजपासून टाकायचे तर सुकन्या बंद करावी लागेल, आणि मुलीचे पैसे मुलाच्या क्लासला लावायला माझी तयारी नाही. नवरा म्हणतो कॉलेजातच शिकेल, मुलगा म्हणतो सगळे मित्र जाणार आहेत. रविवारी तिघं बसणार आहोत, वही घेऊन.